मदत हवी आहे: चुलीचं धुराडं कौलातून काढलंय आणि वासा तापतोय

मंडळी, घर राजापूर तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. गॅस आहे, पण आईची पेज आणि भाकरी चुलीवरच होते. त्यावरून वाद घालून आम्ही भावंडं थकलो. तिचा खोकला वाढला म्हणून मे महिन्यात जुनी चूल मोडून विटांची बंदिस्त चूल-वैल बांधून घेतली. मागून चार इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, दोन काटकोनी एल्बो, मग कौलातून बाहेर आणि वर छत्री. (गवंडी आधी संडासाचा पीव्हीसी पाइप घेऊन आला होता. तो परत पाठवण्याइतकी अक्कल आम्हाला होती.)

महिनाभर बरं चाललं. पाऊस लागल्यापासून मात्र सांध्यांतून काळं, चिकट पाणी ठिबकतं. परवा थेंब थेट परातीतल्या पिठात पडला. वाटलं पाऊस झिरपतोय, पण त्या दिवशी उघडीप होती. बोटाला लागलं की साबणानेही जात नाही, वास डांबरासारखा. पश्चिमेचा वारा सुटला की धूर उलटा घरात येतो.

आणि खरी भीती वेगळीच आहे. पाइप ज्या वाशाशेजारून वर जातो त्याला हात लावला तर चटका बसतो. मध्ये अंतर जेमतेम चार बोटं. तेवढ्या भागात लाकूड तपकिरी पडलंय. पत्रेवाला म्हणतो, "सागवान हा, काय होत नाय." फोटो चढत नाहीयेत, रेंजची बोंब आहे.

प्रतिसाद:
आधी चूल पेटवणं थांबवा, बाकीचं मग बघू. रोज तापणारं लाकूड आतून हळूहळू कोळशासारखं होत जातं आणि पुढे ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेतं. सागवान असो नाहीतर फणस.
आता सांगा, पाइपाचे तुकडे एकमेकांत कसे घातलेत? कौलावर पाइप किती वर आहे, आढं किती लांब? आणि स्वयंपाकघरात एग्झॉस्ट फॅन आहे का?

धागाकर्ता:
खालचा तुकडा वरच्यात घातलाय. पत्रेवाल्याचं म्हणणं, धूर वर जातो, तो सांध्यातून सुटायला नको. पाइप पूर्वेच्या पाख्यावर, कौलावर हातभर. आढं तिथून साताठ फुटांवर आणि पाइपापेक्षा चांगलं उंच. फॅन आहे. धूर झाला की आई तोच लावते.

प्रतिसाद:
मी अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये असतो, घरात लाकडाची शेगडी आहे, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय.
तुकडे उलटे घातलेत. धूर वर जातो खरा, पण ओल्या लाकडाचा धूर गार पाइपात थिजतो आणि ते डांबर खाली ओघळतं. वरचा तुकडा खालच्यात घातला की ओघळ आतल्या आत चुलीत जाऊन जळतो. हेच डांबर साचून पेटलं तर पाइप रेल्वेसारखा घुमतो. तसं झालं तर हवेची वाट बंद करा, माणसं बाहेर काढा, अग्निशमनवाल्यांना बोलवा. पाइपात पाणी ओतायचं नाही.
उलटा धूर आढ्यामुळे येतोय. वारा आढ्यावरून येऊन पलीकडे खाली आपटतो, नेमका तुमच्या छत्रीवर. इथला नियम असा: पाइप छपराबाहेर पडतो तिथून किमान ३ फूट वर, शिवाय १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच. म्हणजे तुम्हाला आढ्याच्या वर जावं लागेल, आणि तेवढ्या उंच पाइपाला तारांचे ताण लावावे लागतील. एल्बो काढून सरळ न्या. वळवावाच लागला तर तिरपा वळवा. चूल पेटलेली असताना फॅन बंद. तो घरातली हवा ओढतो आणि तिची भरपाई धुराड्यातून होते, धुरासकट!
वाशाचं म्हणाल, तर साध्या एकेरी पाइपापासून लाकूड १८ इंच लांब हवं आणि छपरातून एकेरी पाइप न्यायचाच नाही. तिथे मध्ये उष्णतारोधक भरलेला दुहेरी भिंतीचा पाइप लागतो. जीआयही बदला. जस्ताचा थर चुलीजवळच्या तापाला टिकत नाही आणि त्याचा धूर वाईट. स्टेनलेस किंवा काळा पत्रा घ्या.

प्रतिसाद:
एक भर. १९८३ नंतर सुधारित चुलींची सरकारी योजना होती, त्यातले ॲसबेस्टॉस सिमेंटचे पाइप गावोगाव अजून पडलेले दिसतात. कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. कापताना उडणारी धूळ फुफ्फुसात कायमची बसते. आणि लाकडं? मे महिन्यात माळ्यावर रचली होती की अंगणात भिजतायत?

धागाकर्ता:
अंगणात. वर प्लास्टिक आहे, पण खालून ओल येते. आजच पडवीत हलवतो.
चूल बंद केलीय. आई गॅसवर भाकऱ्या भाजतेय आणि प्रत्येक भाकरीगणिक मला बोलतेय. पत्रेवाल्याला सांगितलं की तुकडे उलटे झालेत, वरचा खालच्यात हवा, तो अर्धा तास रुसून बसला, मग म्हणाला, "पागोळीच्या पाइपाक आमी तसाच घालतंव."
आता एवढंच सांगा: रत्नागिरी-कोल्हापूरकडे दुहेरी भिंतीचा पाइप तयार मिळतो का? की चार इंचीवर आठ इंची घालून मध्ये रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरून बनवून घेऊ? कोणी करून घेतला असेल तर खर्च किती आला?