‘कोणाला दिसतंय?’: मला दिसतंय! (उसवायचं की पुढे जायचं)

उसवाउसवी

‘विणताना झालेल्या चुका उसवू नका, जवळ करा’ ही परवाची पोस्ट वाचली. उत्तर म्हणून चार ओळी लिहायला बसले, पानभर झालं, म्हणून हा वेगळा धागा. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: चूक तुमच्याशिवाय कोणाला दिसत नाही, चूक म्हणजे हाताने विणल्याची खूण, आणि आयुष्य उसवण्यासाठी नाही.

पहिलं म्हणजे, मला दिसते ना! डोळे माझे, महिनाभर मांडीवर घेऊन बसणारी मी, घालणारीही मीच. ‘कोणाला’मध्ये मी येत नाही का?

दुसरं, चूक ही हाताची खूण कधीपासून झाली? मुंड्याला नेमकी बसलेली घट, शिवण न घालता सुईवरच जोडलेले खांदे, ही हाताची खूण. चुका मशीनवरही होतात. तिथे त्या मालाला सरळ ‘सेकंड’ म्हणतात, कोणी जवळबिवळ करत नाही.

माझ्याकडे एक निळा स्वेटर आहे. गळ्याच्या चार बोटं खाली, सगळ्या सुलट टाक्यांत एक उलट टाका. तेव्हा मलाही कोणीतरी हेच सांगितलं होतं, जाऊ दे, कोण बघतंय. पाच वर्षं झाली. आरशासमोर उभी राहिले की बोट थेट त्या टाक्यावर जातं. शेवटी घडी करून वर टाकला तो टाकलाच. तेव्हा उसवला असता तर तीन संध्याकाळी गेल्या असत्या. आता अख्खा स्वेटर गेला.

आत्ताची परिस्थिती सांगते. हिरवा पुलोव्हर, गोल विणतेय, सुईवर २०० टाके. आज दिसलं की १४ ओळी खाली एक केबल (टाके एकमेकांवरून ओलांडून घातलेला पीळ) डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळलीय. सुई काढून ठेवलीय. उसवणार. ‘जवळ करा’वाल्यांनी मला अडवून दाखवावं.

पुढची_ओळ

ती पोस्ट माझीच. अडवत नाही, खुशाल उसवा. पण पोस्ट कोणासाठी होती ते तुम्ही वाचलंच नाही. ज्यांनी आयुष्यात अजून एकही वस्तू पुरी केली नाही त्यांच्यासाठी होती ती.

माझी कथा ऐका. पहिला स्वेटर घेतला तो बहिणीच्या बाळासाठी, सहा महिन्यांच्या मापाचा. चार वेळा उसवला. एकदा काठ सैल वाटला म्हणून, एकदा एक टाका जास्त निघाला म्हणून, बाकी दोनदाचं कारण आता आठवतही नाही. स्वेटर पुरा झाला तेव्हा बाळ घरभर धावत होतं. डोकंसुद्धा गळ्यातून गेलं नाही. तो स्वेटर अजून एका अस्वलाच्या अंगावर आहे, आणि अस्वल काही टाके मोजत नाही. त्या वेळी मला कोणी ‘पुढची ओळ घे’ म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

तुमचा निळा स्वेटर न घालणं हा टाक्याचा दोष नाही, तुमचा आहे.

मोजपट्टी

तुम्ही दोघी ‘चूक, चूक’ म्हणताय, पण कुठली चूक? एका उलट टाक्याने कपडा बिघडत नाही, डोळ्याला खुपतो इतकंच. सुटलेला टाका मात्र पुढे गेलात तरी थांबत नाही, एकेक ओळ खाली पळत राहतो. त्याला ‘जवळ’ करायचं असेल तर निदान सेफ्टी पिन तरी लावा.

आणि सगळ्यात वाईट चूक दिसतच नाही. माप! नमुना तुकडा, म्हणजे माप बघायचा छोटा चौकोन, न विणता सुरुवात करणाऱ्यांसाठी हिशेब देतो. दहा सेंटिमीटरला २० टाके हवेत, तर २०० टाक्यांचा घेर १०० सेंटिमीटर. तुमचा हात घट्ट, दहा सेंटिमीटरला २२ बसले, तर तोच घेर ९१ सुद्धा भरत नाही. वीण अगदी देखणी, एकही टाका चुकलेला नाही, आणि स्वेटर अंगात जात नाही. मी मुंड्यापर्यंत असाच विणत गेलो होतो, ‘धुतल्यावर सैल होईल’ म्हणत. झाला नाही. ती चूक उसवल्याशिवाय सुटत नाही, मग तुम्ही कितीही पोस्टी लिहा.

क्रोशावाला

म्हणून क्रोशा करावा. सुईवर एकच जिवंत, म्हणजे उघडा, टाका. ओढा, हवं तिथे थांबा, पुढे चला. तुमचं ते २०० टाके परत सुईवर ओवत बसणं बघूनच मला घाम फुटतो.

आळशी_सुया

@क्रोशावाला, आणि दहा ओळी खालचा एकच टाका चुकला तर? दहाच्या दहा ओळी उसवाव्या लागतात ना? आम्ही तेवढाच टाका सोडून खालपर्यंत पळू देतो, वर धाग्याची शिडी उरते; मग उलटचा सुलट करतो आणि तुमचीच क्रोशाची सुई वापरून वर चढतो. पाच मिनिटांत काम. सुई तुमची, फायदा आमचा.

@उसवाउसवी, चार बोटं खाली एकच उलट टाका होता, तर तुम्हालाही हेच करता आलं असतं की. तीन संध्याकाळी कशाला?

क्रोशावाला

बरं, हा एक मुद्दा दिला. एकच.

उसवाउसवी

तेव्हा शिडी करता येत नव्हती. आता येते, पण आता गळा पुरा झालाय, टाके बंद केलेत. प्रत्येक गोष्टीला ‘की’ लावून विचारू नका.

हौशी_हात

मला तर वाटतं एक चूक असावीच. गालिचे विणणारे मुद्दाम एक गाठ चुकवतात म्हणे, परिपूर्ण फक्त देव असतो म्हणून. किती सुंदर विचार आहे!

मोजपट्टी

सुंदर आहे, आणि विकायला फार सोयीचा आहे. चूक ज्याला मुद्दाम करावी लागते त्याला मी अजून भेटलेलो नाही. माझ्याकडून रोज फुकटात होतात.

आळशी_सुया

उसवायचं की नाही हा प्रश्न पडायच्या आधीच एक दोरा ओवून ठेवा, मग भांडणच नको. दर दहा-वीस ओळींनी एक गुळगुळीत सुती दोरा दाभणात ओवायचा आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून पार करायचा. चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त ओढा, टाके तिथेच अडकतात. जाळीची वीण असेल तर मी दोरा घातल्याशिवाय पुढे जातच नाही. जाळीत दोनाचा एक केलेला टाका आणि सुईवर नुसता धागा घेऊन केलेलं भोक, दोन्ही एकदम सुटले की कोण कुठला ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. खुणेच्या रिंगा मात्र आधी काढा, नाहीतर दोरा त्यांच्यातून जातो आणि रिंगा अडकून बसतात. (विचारू नका.)

गुंता

दोरे ओवत बसण्यापेक्षा अ‍ॅक्रिलिक घ्या ना. कितीही उसवा, काही होत नाही. लोकर, मोहेर हे चोचले आहेत. मोहेर (अंगोरा शेळीच्या केसांचा धागा) उसवायला गेले होते एकदा. ते केस एकमेकांत असे गुंततात की धागा सुटतच नाही. कोणीतरी सांगितलं फ्रीझरमध्ये ठेव. ठेवला. सुटला थोडा, पण घरच्यांनी माझ्याकडे बघितलेली ती नजर अजून आठवते.

मोजपट्टी

‘काही होत नाही’ हे साफ चूक. तिसऱ्यांदा विणलेलं अ‍ॅक्रिलिक हातात धरून बघा, धाग्याला रोंवा सुटलेला असतो, पदर वेगळे झालेले असतात. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते हे खरं. पण तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजत घाला, टांगून वाळवा. कुरळेपणा बराचसा जातो. आणि मुख्य म्हणजे लोकरीचे वेडेवाकडे टाके धुऊन पसरून वाळवले की आपापसांत जागा करून घेतात. अ‍ॅक्रिलिकला साध्या पाण्याचं सोयरसुतक नसतं. वाफ दिलीत तर ते मऊ पडतं ते कायमचं, मग काठाचा ताण गेला तो गेलाच.

गुंता

झालं, लोकरवाले आले. दुपट्यावर बाळ ओकलं की तुम्ही येणार आहात का हाताने धुवायला? आत्येबहिणीला मी शुद्ध लोकरीचं दुपटं दिलं होतं. तिने गरम पाण्यात मशीनला लावलं. बाहेर आलं ते पायपुसणं! तेही जाड! त्या दिवसापासून लोकर बंद.

हौशी_हात

मशीनमध्ये चालणारी लोकरही मिळते हो.

मोजपट्टी

मिळते. लोकरीच्या तंतूवरचे खवले रसायनाने बोथट करतात किंवा वर पातळ लेप देतात, म्हणून ती आटत नाही. पण ओली झाली की तीच लोकर अशी लोंबते की बाह्या बोटांच्या खाली. नमुना तुकडा धुऊन मोजा, मगच ठरवा. मी हे किती वेळा लिहिलंय...

गुंता

लिहा, आणखी लिहा. नमुना तुकडा, नमुना तुकडा. तुमच्याकडे तुकड्यांचंच दुपटं झालं असेल एव्हाना.

मोजपट्टी

झालंय. उबदार आहे. प्लास्टिकचं नाही. तुमचं दर धुण्याला पाण्यात बारीक प्लास्टिकचे तंतू सोडत असतं, तेवढं लक्षात असू द्या.

गुंता

म्हणजे आता बाळाचं दुपटं विणलं तर समुद्र मी खराब केला? लोकर अंगाला खाजते म्हणून रडणारी मुलं तुम्ही पाहिली नाहीत कधी. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी कोमट पाण्यात लड्या भिजवाव्यात. आम्ही वापरता येईल असं काहीतरी विणतो.

पुढची_ओळ

इथे मूळ प्रश्न काय होता कोणाला आठवतंय का?

क्रोशावाला

समुद्राचा होता बहुतेक.

उसवाउसवी

माझा धागा, आणि त्याचाच गुंता करून ठेवलात. @गुंता, नाव सार्थ केलंत.

तरी एक सांगते. लोकर-अ‍ॅक्रिलिकचं भांडण अगदीच अवांतर नाही. धागा उसवणं सोसणारा आहे की नाही, यावर निम्मा निर्णय असतो. माझा हिरवा लोकरीचा आहे, सोसेल. म्हणून १४ ओळी ओढणारच.

आळशी_सुया

ओढू नका! १४ ओळी गुणिले २०० टाके म्हणजे २८०० टाके परत विणायचे. एका केबलसाठी? केबल किती टाक्यांची आहे?

उसवाउसवी

सहा. तीनवर तीन. दर आठ ओळींनी वळते. म्हणजे चुकलेल्या वळणाच्या वर एक बरोबर वळणही आहे.

आळशी_सुया

मग फक्त ते सहा टाके सोडा. बाकी १९४ तसेच राहू देत. सहाही टाके १४ ओळी खाली उतरवा, चुकलेल्या वळणाच्या खालची ओळ छोट्या दुटोकी सुईवर घ्या. मागे धाग्याच्या १४ आडव्या पायऱ्या दिसतील. सगळ्यात खालच्या पायरीने सुरुवात करून सहा टाके विणा, तीन टाके पुढे धरून डावीकडे वळवा, मग एकेक पायरी वर. मधलं वळणही परत घ्यायचं, ते विसरू नका. ८४ टाके झाले की वर पोचलात. पायऱ्यांचा क्रम मात्र चुकवू नका, खालची वर गेली तर भोक पडतं.

उसवाउसवी

मुद्दाम सहा टाके सोडायचे? हे वाचूनच पोटात गोळा आला.

पुढची_ओळ

२८०० ओढायला तयार होतात तेव्हा गोळा नव्हता?

आणि एक कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कोणी काढायला नको. परवाची पोस्ट लिहून झाल्यावर मी स्वतः मोज्याची टाच उसवली. घातल्यावर टोचत होती. दिसत नव्हती, पण टोचत होती. त्यामुळे ‘कोणाला दिसतंय’ हे वाक्य मी परत घेते. आयुष्याबद्दलचं मात्र नाही.

क्रोशावाला

इंग्रजीत सगळं ओढून काढण्याला फ्रॉगिंग म्हणतात, कारण ‘रिप इट, रिप इट’ हे तिकडच्या बेडकाच्या ओरडण्यासारखं ऐकू येतं. आपला बेडूक नुसताच डराव डराव करतो. त्यामुळे आपल्याकडे वेळेवर इशाराच मिळत नाही.

गुंता

हा एकच प्रतिसाद कामाचा निघाला आजच्या दिवसात. (मोजपट्टी, तुम्ही ती लडी कशाने बांधता? माझ्याकडे उसवलेली थोडी लोकर पडून आहे. कोणाची ते विचारू नका.)

मोजपट्टी

सुती दोऱ्याने, सैल. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा द्या, म्हणजे धागे एकमेकांत सरकत नाहीत. टांगल्यावर खाली वजन बांधू नका, लोकर ताणली जाते आणि विणून धुतली की परत आखडते. विचारत नाही कोणाची ते.

उसवाउसवी

केलं. दीड तास लागला. त्यातला पाऊण तास नुसतं बघत बसण्यात गेला. पायऱ्या मोजल्या, १४ भरल्या, तेव्हा कुठे हात हलला. दोन वेळा पायरी चुकली, दोन्ही वेळा परत खाली.

केबल आता डावीकडे वळते. पण केबलच्या डाव्या कडेचा शेवटचा टाका बाकीच्यांपेक्षा सैल दिसतोय, अगदी १४ ओळींची रेघ उठलीय.

आळशी_सुया

जास्तीचा धागा शेवटच्या टाक्यात साठतो, नेहमीचंच आहे. सुईच्या टोकाने एकेक ओळ शेजारच्या दोन-तीन टाक्यांत वाटून द्या. उरलंसुरलं धुतल्यावर बसेल.

उसवाउसवी

वाटून दिलं. थोडं कमी झालं. धुतल्यावर बसेल म्हणताय, बघू. नाही बसलं तर १४च्या १४ ओळी ओढणार आहे, आणि ते २८०० तुम्ही विणायचे.