शब्दचर्चा: ‘ट्रेड डिमांड’ला मराठीत काय म्हणाल?

प्लेनोकर:
मंडळी, सांगलीला बाबांना फोनवर सांगत होतो की आमच्या डॅलस काउबॉइजच्या मायका पार्सन्सनं १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर ‘ट्रेड डिमांड’ केली आणि महिना संपायच्या आत तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेलासुद्धा. बाबा म्हणाले, “म्हणजे त्यानं मागितलं काय?” मला एका वाक्यात सांगता येईना. ‘बदलीची मागणी’ चालेल का? (हा अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. कोल्हापूरकरांनी लगेच हसू नये.)

शिवाय मला जे होतंय त्यालाही शब्द हवाय. चार हंगामांत साडेबावन्न सॅक, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याला आडवा करणं. असा गडी ऐन हंगामाच्या तोंडावर गेला. ११ नंबरचा टीशर्ट घालवत नाही, टाकवत नाही.

निवृत्त बाबू:
‘बदली’च म्हणा. आमच्याकडे तीन प्रकार: प्रशासकीय, विनंती आणि आपसी. तुमच्या पठ्ठ्याची ‘विनंती बदली’. फक्त विनंती अर्जात कुठं जायचं ते लिहावं लागतं, यानं नुसतं ‘इथं राहायचं नाही’ एवढंच कळवलेलं दिसतंय. आणि बदलीला कारण काय? वरिष्ठांचा जाच?

प्लेनोकर:
काका, जाचच म्हणा. मालक जेरी जोन्स. १९८९ साली संघ विकत घेतला, जनरल मॅनेजरही स्वतःच. पार्सन्सच्या एजंटला बाजूला ठेवून थेट पोराशीच आकड्यांचं बोलून बसले आणि नंतर म्हणाले, आमचं ठरलंय. वर पत्रकारांसमोर त्याच्या दुखापती काढल्या. यानंतर तो सराव शिबिराला रोज यायचा, पण खेळायचा नाही. इकडे याला ‘होल्ड-इन’ म्हणतात. शिबिराला आलाच नाही तर ‘होल्ड-आऊट’, त्याला दिवसागणिक जबर दंड.

निवृत्त बाबू:
अहो, हे तर लेखणीबंद आंदोलन! हजेरीपटावर सही, टेबलावर फायली, काम शून्य. पगार कापायला कागदोपत्री काही सापडत नाही.

शब्दखवय्या:
‘लेखणीबंद’ला सलाम. यापेक्षा नेमका प्रतिशब्द मिळणार नाही.

‘बदली’बद्दल मात्र मला शंका आहे. बदलीत मालक तोच राहतो. तलाठी एका गावातून दुसऱ्या गावी गेला तरी चाकरी सरकारचीच. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या या लीगमध्ये, ३२ संघ आणि त्यांचे मालक वेगळे. खेळाडूचा करारच एक मालक दुसऱ्याला देतो आणि बदल्यात काहीतरी घेतो. डॅलसला पार्सन्सच्या बदल्यात २०२६ आणि २०२७ च्या ड्राफ्टमधल्या (संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचे, तो ड्राफ्ट) पहिल्या फेरीच्या निवडी मिळाल्या आणि केनी क्लार्क नावाचा खेळाडू. हा क्लार्क २०१६ पासून ग्रीन बेलाच होता. त्यानं काहीच मागितलं नव्हतं. म्हणून ‘आपसी बदली’ही नव्हे, कारण तिथं दोन्ही कर्मचाऱ्यांची संमती लागते. मालकांच्या बाजूनं बघाल तर शब्द आहे ‘साटंलोटं’. दोन घरांनी आपापसात मुली द्यायच्या-घ्यायच्या आणि मुलींना विचारायचं नाही.

खेळाडूच्या बाजूनं बघाल तर ‘फारकत’. जुन्या व्यवहारात देणंघेणं फिटल्याचा कागद म्हणजे फारकत, नवराबायकोचा काडीमोड म्हणजेही फारकत. ‘पार्सन्सनं काउबॉइजकडे फारकत मागितली.’ बोलीत याहून सोपं: ‘मला मोकळं करा म्हणाला.’

पेठेतला:
हसलो नाही बरं का. आमच्या फुटबॉलात अशी अदलाबदल क्वचित, रोकड मोजतात. २०१७ ला नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला त्याचे २२.२ कोटी युरो झाले. त्याला ‘ट्रान्स्फर’ म्हणतात, ‘ट्रेड’ नाही. बाकी तालमीतला पोरगा दुसऱ्या तालमीकडनं उतरला की पेठेत जे बोलतात ते इथं लिहिता येणार नाही.

खडूस:
एवढं रडगाणं कशाला? कराराचं अजून एक वर्ष शिल्लक होतं, त्याचे २.४ कोटी डॉलर मिळणारच होते. सही केलीय तर खेळावं. ‘फारकत’ वगैरे म्हणून त्याला सासुरवाशीण करू नका. ग्रीन बेनं चार वर्षांचे १८.८ कोटी दिले त्याला. माझा शब्द: ‘अडवणूक’.

प्लेनोकर:
ते शेवटचं वर्ष त्यानं नाही, संघानं वाढवलं होतं. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूच्या बाबतीत पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे संघ ठरवतो. गुडघा गेला तर पुढचा करार कोण देतो? शिबिरात ऑक्सनार्डला प्रेक्षक ‘मायकाचे पैसे द्या’ म्हणून ओरडत होते, म्हणजे अडवणूक कोणाची होती हे गर्दीला कळत होतं. तरीही जाहीर ‘मला इथं नको’ वाचलं तेव्हा मला झोंबलं. जोन्सला लिहायचं होतंस, आम्हाला कशाला ऐकवलंस?

शब्दखवय्या:
मग तुमचा दुसरा शब्द सापडला: ‘चरफड’. संताप करणाऱ्याला काहीतरी करता येतं. चरफडणाऱ्याचे हात बांधलेले असतात. मालक तो बदलू शकत नाही, संघ सोडवत नाही. ‘जळफळाट’ वापरू नका, त्यात मत्सर येतो. ‘तळतळाट’ही नको, तो शाप झाला.

प्लेनोकर:
‘चरफड’ घेतला. सप्टेंबरात तो पॅकर्सकडून आर्लिंग्टनला आमच्याच मैदानात उतरला आणि सामना ४०-४० बरोबरीत सुटला, तेव्हा रात्रभर हेच चाललं होतं. एनएफएलमध्ये बरोबरी म्हणजे दुर्मीळ गोष्ट, नेमकी त्याच दिवशी व्हावी!

बाबांना आता सांगतो: ‘पैशावरून बिनसलं, मालकानं शब्दाला शब्द वाढवला, पोरगं मोकळं करा म्हणालं आणि मालकांनी साटंलोटं केलं.’ ‘ड्राफ्ट पिक’चं काय करू?

निवृत्त बाबू:
‘पहिल्या फेरीतली निवड’ म्हणा. आणि वडिलांना लेखणीबंदचं नक्की सांगा, नोकरीतले असतील तर बाकी काही समजवावं लागणार नाही.