कंपवाताच्या ऑनलाइन गटाला ग्रामपंचायतीने पैसे द्यावेत का?

भुदरगडची सून
आमच्या मामंजींना सहा वर्षं पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. सकाळची गोळी ते धारेच्या ताज्या दुधाबरोबर घ्यायचे आणि दहा वाजले तरी अंगाचा ताठरपणा सुटायचा नाही. डोस वाढवून घ्यायला कोल्हापूर गाठायचं ठरलं होतं. तेवढ्यात महिन्यातून एकदा भरणाऱ्या कंपवाताच्या व्हिडिओ गटात कागलच्या एका काकूंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?" दुधातल्या प्रथिनांमुळे लेव्होडोपा, म्हणजे त्यांच्या गोळीतलं औषध, नीट लागू पडत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं. आता गोळी पाण्याबरोबर, दूध तासाभरानं. मामंजी आठ वाजता सोप्यात येऊन बसतात.
हा गट एक ताई स्वतःच्या खिशातून चालवतात, पण आता त्यांना झेपेना झालंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. पाच-सहा गावांनी त्यातून थोडा थोडा वाटा उचलावा, असं मला वाटतं.

गगनबावडेकर
वहिनी, मामंजींना बरं वाटतंय हे वाचून आनंद झाला. पण मी विरोधात आहे. आमच्या वाडीत पावसाळ्यात रेंजसाठी बांधावर जावं लागतं. चालता चालता उंबऱ्यात पाय चिकटल्यासारखा अडकणाऱ्या माणसाला चिखलातून बांधावर कोण नेणार? आमच्या आबांचा आवाज तर या आजारानं इतका बसलाय, की शेजारी बसून ऐकू येत नाही, मोबाईलवर काय पोचणार! लहान गावाचं उत्पन्न ते किती आणि त्याचे ५ टक्के म्हणजे किती? तेवढ्यात कुणाला कुबड्या हव्यात, कुणाला तीनचाकी. त्यांच्या तोंडचं काढून मीटिंगला द्यायचं? त्यापेक्षा महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट गावात आणा.

फिजिओ, गडहिंग्लज
मी तो येणारा माणूस आहे, म्हणून सांगतो. महिन्यातून एकदा येऊन मी व्यायाम शिकवेन, बाकीचे दिवस करून कोण घेणार? एका घरात मी जमिनीवर पावलाच्या अंतरानं लाल चिकटपट्ट्या लावून दिल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की अडकलेला पाय उचलतो. त्या घरच्या मावशींनी गटात फोन खाली धरून पट्ट्या दाखवल्या आणि आठवड्यात आणखी तीन घरांत लागल्या. एवढं माझ्या एका फेरीत होत नाही.
काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एकमेकांचं ऐकून लोक गोळ्या कमी-जास्त करतात. ही गोळी अचानक बंद करणं धोक्याचं असतं. गटात जाणकार माणूस हवाच, आणि तो कायम फुकट मिळणार नाही.

ग्रा. पं. सदस्य, आजरा तालुका
मीटिंगची लिंक फुकट मिळते, मग पैसे कशाला, असं आमच्या बैठकीत विचारलं जाणार. आधी हे सांगा, की तुमच्यातल्या किती जणांकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे? योजनांना बहुतेक ठिकाणी ४० टक्के अपंगत्व लागतं. नुसती थरथर दाखवून काम होत नाही.

भुदरगडची सून
मामंजींकडे नाही, काढायचं राहिलंय. ते आमचं चुकलं.
पैसे लिंकला नकोतच, दादा. आदल्या दिवशी वीस घरांना फोन करायचा, कुणाची गोळीची वेळ कधी ते पाहून मीटिंगची वेळ धरायची, फोन लावून द्यायचा. हे काम आहे आणि कामाला मोबदला हवा. सासूबाई तर मामंजींपेक्षा जास्त त्या तासाची वाट बघतात. चार वर्षं त्या रात्री सलग झोपलेल्या नाहीत. तिथं त्या पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. कुबड्यांइतकंच तेही गरजेचं आहे, असं मी मानते.

गगनबावडेकर
आमच्या आईचंही तेच आहे. यावर मला बोलता येत नाही.
कुणाच्या कुबड्या अडवून निधी देण्याला माझा विरोध कायम आहे. पण दूध संस्थेत संगणक आहे, नेटही बरं चालतं. संकलन उरकल्यावर खोली मोकळीच असते. चार घरची माणसं रिक्षानं तिथं आणू, एकाच पडद्यासमोर बसवू. आबांसाठी गळ्याशी लावायचा माईक लागेल. तो मी बघतो. तुमची पुढची मीटिंग कधी आहे?