लहानपणी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय, आता मूल हवंय – तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. डिचोलीची, थॅलेसेमिया मेजर (जन्मापासूनचा रक्ताचा आजार, सारखं रक्त चढवावं लागतं), नवव्या वर्षी वेल्लोरला ट्रान्सप्लांट, डोनर दादा. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोत बुसल्फान नावाचं औषध होतं, ते ओव्हरीजना भारी पडतं हे कळलं सोळाव्या वर्षी, पाळी येईना म्हणून आई म्हापशाला घेऊन गेली तेव्हा. तोवर घरचे जीव वाचला यातच खूश, त्यांचंही चूक नाही म्हणा. मग हार्मोनच्या गोळ्या आणि गोळ्यांची पाळी. लग्न ठरताना एएमएचचा (ओव्हरीत किती एग शिल्लक आहेत ते सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्टच त्याच्या हातात दिला, म्हणाला बघूया. सासूबाईंनी देवीचा प्रसाद म्हणजे कौल घेतला, उजवी पाकळी पडली म्हणजे देवीचा होकार, मी म्हटलं आई, पाकळी पडली पण एग कुठून येणार? शेवटी डोनर एग. कायद्याने डोनर 23 ते 35 वयाची लागते आणि आयुष्यात एकदाच देऊ शकते, म्हणून थांबावं लागलं. त्यात नवरा थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण जीन आहे; डोनरही तशीच असली तर मुलाला मेजर होऊ शकतो, मग डोनरचा रिपोर्ट दोनदा बघितला. लहानपणी रक्त चढवून चढवून लोह साठलेलं म्हणून प्रेग्नन्सीआधी हार्टची इको वगैरे. पोरगा 35व्या आठवड्यात झाला. आत्ता अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांत हात घालून लाल करून बसलाय.

– मी साखळीची. अप्लास्टिक ॲनिमिया (बोन मॅरो रक्तच नीट बनवत नाही), मला केमोत सायक्लोफॉस्फमाइड होतं, रेडिएशन नाही. पाळी आपोआप आली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दिवस राहिले. सगळ्यांचं एकसारखं नसतं, कुठलं औषध दिलं ते जुन्या फाइलीत बघा. माझी माळ्यावर होती, अर्धी वाळवीने खाल्लेली!

– पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? ल्युकेमिया, 15व्या वर्षी, पूर्ण अंगाला रेडिएशन. सीमेन टेस्टमध्ये शुक्राणू शून्य. त्या वयात सॅम्पल फ्रीझ करून ठेवता आलं असतं, पण बाबांना कुणी सांगितलं होतं की नाही देव जाणे, बाबा आता नाहीत. मुंबईहून रिपोर्ट घेऊन कोकणकन्येने परत येताना पेडण्यापर्यंत मी बायकोशी एक शब्द बोललो नाही, मग तिनेच डबा उघडला. दत्तकासाठी नाव घातलंय.

– माझी लेक 6 वर्षांची, ट्रान्सप्लांट ठरलंय. ओव्हरीचा तुकडा आधी काढून फ्रीझ करतात म्हणे, 2016 साली लंडनला एका थॅलेसेमियावाल्या बाईला तसं मूल झालं, तिचं पाळी यायच्या आधीच काढून ठेवलेलं. इथे विचारलं तर म्हणाले आधी पोरगी वाचू दे. कुणी केलंय का?

– डिचोलीचीच परत. बाय, केमो सुरू व्हायच्या आधीच काढावं लागतं ते. तारीख कधीची मिळालीय?