ट्रेलरमध्ये धुण्याचं मशीन: कॉम्बो की आपलं सेमी ऑटोमॅटिक? मदत हवी आहे

मंडळी, घरात माणसं दोन आणि मतं तीन अशी परिस्थिती झाली आहे, म्हणून इथे विचारतेय. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

आम्ही दोघांनी गेल्या वर्षी न्यू जर्सीतलं घर विकलं आणि २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायला लागलो. ट्रेलर ओढायला पिकअप आहे. हिवाळा ॲरिझोनात, युमा आणि क्वार्ट्झसाइटच्या आसपास. उन्हाळा ओरेगनच्या किनाऱ्यावर. आपले धनगर कसे पावसाळा देशावर काढून दिवाळीनंतर कोकणात उतरतात, तसंच आमचं, फक्त मेंढ्या नाहीत.

बाकी सगळं अंगवळणी पडलं. धुणं पडलं नाही.

आतापर्यंत आरव्ही पार्कच्या (अशी चाकांवरची घरं उभी करायच्या तळाच्या) लाँड्रीत धुतोय. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मशीनसाठी क्वार्टरची (पाव डॉलरची) नाणी साठवायची, बरणी आणि कपड्यांची पिशवी घेऊन जायचं, आणि तिथे मशीन रिकामं होण्याची वाट बघत बसायचं. मागच्या महिन्यात चहा ठेवायला म्हणून दहा मिनिटं ट्रेलरवर आले, तेवढ्यात कुणीतरी आमचे ओले कपडे काढून धुळीनं भरलेल्या टेबलावर ठेवले होते. ते परत धुतले. मग ड्रायरमधून निघालेल्या ह्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर जांभळे ठिपके. कुणाच्या तरी पोराच्या खिशातला मेणाचा रंगीत खडू आत वितळला होता. झब्बा आता गाडी पुसायला आहे.

दुसरा पर्याय म्हणजे मुलाकडे फिनिक्सला जाणं. कॉलेजात असताना हा पंधरा दिवसांचं धुणं घेऊन घरी यायचा आणि मी बोलायचे. आता मी घेऊन जाते. तो काही बोलत नाही, पण हसतो.

तर मशीन घ्यायचं नक्की आहे. कुठलं, ते ठरत नाही.

ह्यांचं म्हणणं, घ्यायचं तर स्प्लेंडिडसारखं आरव्हीसाठीचं कॉम्बो घ्यावं. एकाच ड्रममध्ये धुतं आणि वाळवतं, १२० व्होल्टवर चालतं, कपाटात बसतं. सुनेचं मत, ०.९ घनफुटाचं छोटं फुल ऑटोमॅटिक घ्या, नळाला नळी जोडा आणि विसरा. मला मात्र प्लास्टिकचं, दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक हवंय, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. सांगलीत असताना मी तेच वापरायचे. वजन पंचवीस-तीस पौंड, म्हणजे मी एकटी उचलीन. यावर अहो म्हणाले, "तीस वर्षं अमेरिकेत काढून परत सेमी ऑटोमॅटिक?" तेव्हापासून विषय बंद आहे.

ट्रेलरची माहिती देते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल.

वीज ३० अँपची, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॅट. एसी साधारण १३ अँप घेतो, पाणी तापवायचा विजेवरचा हीटर १२. इन्स्टंट पॉटमध्ये वरणभात लावला की आणखी ८. तिन्ही एकदम चालू ठेवून मी दोनदा ब्रेकर पाडला आहे. वाळवताना कॉम्बो म्हणे ११ अँपच्या आसपास घेतं.

ताज्या पाण्याची टाकी ५० गॅलन, ग्रे टँक ३८. (इथे नवीन असणाऱ्यांसाठी: सिंक आणि अंघोळीचं सांडपाणी ग्रे टँकमध्ये जातं, संडासाचं ब्लॅकमध्ये.) काटकसरीनं वागलो तर आमची ग्रे टाकी तीन दिवस पुरते. अर्धा हिवाळा आम्ही हूकअप (नळ, वीज, सांडपाण्याची जोडणी) नसलेल्या जागी, क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसा लाँग टर्म व्हिजिटर एरियात, म्हणजे लांब मुक्कामाच्या मोकळ्या तळावर असतो. तिथे ट्रेलरपाशी नळ नाही, वीज नाही, आणि सांडपाणी जमिनीवर सोडलेलं अजिबात चालत नाही. टाकी भरली की ती रिकामी करायला डंप स्टेशन गाठायचं.

वजनाचं सांगायचं तर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर ट्रेलर घालून बघितला. स्टिकरवरच्या मर्यादेपर्यंत ३१० पौंड शिल्लक आहेत. जागा म्हणजे मागच्या बाथरूमला लागून एक कपाट, २४ इंच रुंद, २५ इंच खोल. कारखान्यातून वॉशर-ड्रायरची जोडणी आलेली नाही, म्हणजे नळ, निचरा, वेगळं सर्किट सगळं करून घ्यावं लागेल.

ज्यांनी यातलं काहीही प्रत्यक्ष वापरलंय त्यांनीच सांगावं, ही विनंती. दुकानदाराची माहितीपत्रकं पाठ झाली आहेत.

प्रतिसाद १

ताई, आमच्याकडे ५० अँपचा फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात टेकवून ओढायचा मोठा ट्रेलर) आहे आणि त्यात बाहेर हवा सोडणारं कॉम्बो. चार वर्षं झाली, मी खूश आहे. तरीही तुम्ही घेऊ नका.

५० अँप म्हणजे ३० पेक्षा थोडं जास्त असं वाटतं, पण तसं नाही. त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइनी येतात, मिळून १२,००० वॅट. त्यामुळे आमचा एसी, हीटर आणि मशीन एकमेकांना विचारत नाहीत. तुमच्याकडे मशीन वाळवत असताना एसी किंवा हीटर बंद ठेवावा लागेल, आणि वाळवणं अर्ध्या तासाचं काम नाही. धुणं-वाळवणं मिळून तीन-चार तास धरा. तेसुद्धा अर्धा ड्रम भरून. ड्रम एकच असल्यामुळे धुवायला जेवढे कपडे मावतात तेवढे वाळत नाहीत. रोज थोडं थोडं धुवायची सवय लावून घेतली तरच कॉम्बो सुखाचं. रविवारी ढीग काढणाऱ्या माणसाचं ते काम नाही.

एक अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी ग्रे टँकची झडप बंद आहे हे विसरून मशीन लावलं आणि मी अंघोळीला गेलो. टाकी भरत आलेली. मशीननं पाणी बाहेर फेकलं आणि त्याला वर यायला सगळ्यात जवळचं भोक शॉवरचं. साबण लावून उभा होतो, पायाखालून कोमट फेस वर येतोय, त्यात माझेच मोज्यांचे धागे. बायको बाहेरून विचारतेय, काय झालं? काय सांगणार.

आणखी एक. कडाक्याच्या थंडीत ट्रेलर बंद ठेवणार असाल तर कॉम्बोच्या पंपातून आणि पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हमधून गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ फिरवावं लागतं. व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठलं की तो तडकतो, आणि ते कळतं वसंतात, फरशीवर.

प्रतिसाद २

वजनाबद्दल थोडं. ३१० पौंड शिल्लक आहेत आणि कॉम्बो दीडशेच्या आसपास, म्हणजे बसतंय असं वाटेल. पण कपाट मागच्या बाथरूमला लागून आहे, म्हणजे ॲक्सलच्या मागे. तिथे वजन घातलं की पुढच्या हिचवरचा, म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडतो त्या जागेवरचा, भार कमी होतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा. त्याच्या खाली गेलात की हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की ते फार वाईट दिसतं. एकूण वजन काट्यावर केलंत, ते उत्तम. आता हिचवरचं वेगळं करा. आकडा बघितल्याशिवाय कपाटात मशीन नको.

पाण्याचंही धरा. एक गॅलन ८.३४ पौंड. ताजी टाकी भरून निघालात तर ४१७ पौंड तेच झाले. काट्यावर गेलात तेव्हा टाकी भरलेली होती का?

प्रतिसाद ३

आम्ही कॅनडात, अल्बर्टात, छोट्या कँपरमध्ये. मशीन नाहीच, त्यामुळे तुमच्या नियमात मी बसत नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. तुमच्या धुण्यात टर्किश टॉवेल किती असतात? आमच्या पिशवीतला निम्मा भार टॉवेलांचा होता. दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून डझनभर पंचे आणले. पंचा भांडं धुवायच्या टबात धुतला जातो, हातानं पिळता येतो आणि वाऱ्यावर तासाभरात वाळतो. मशीन ठरेपर्यंत एवढं करून बघा.

आणि ओरेगनच्या किनाऱ्यावर ट्रेलरच्या आत कपडे वाळत घालू नका. कोकणातल्या आषाढात घरभर दोऱ्या बांधल्यावर काय होतं ते आठवा. ट्रेलरच्या भिंती तर त्याहून पातळ, खिडक्यांवर पाणी ओघळतं आणि गादीखाली बुरशी धरते. तिथे लाँड्रीच बरी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी प्रतिसाद २ ला उत्तर: नाही, टाकी रिकामी होती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अर्थातच रिकामी, वजन करायचं होतं ना!" म्हणजे टाकी भरून निघालो की ३१० मधून ४१७ वजा. आम्ही आधीच बेकायदा जाड आहोत. हे कळल्यावर दोन दिवस सामान काढतोय. पुरणयंत्र आणि पाटा-वरवंटा मुलाकडे गेला. (हो, पाटा-वरवंटा होता. बोलू नका.) पाणी आता पोचल्यावर भरायचं.

ग्रे टँकचा हिशेबही परत केला. आमचं रोजचं बारा गॅलन, आणि कॉम्बोच्या रोजच्या एका धुण्याला तेवढंच धरलं, तर ३८ गॅलनची टाकी दीड दिवसात भरते. ला पोसात दर दीड दिवसाला डंप स्टेशनच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे धुण्यासाठी गाव सोडल्यासारखं. सेमी ऑटोमॅटिकमध्ये निदान पाणी माझ्या हातात असतं. पांढरे कपडे आधी, त्याच पाण्यात रंगीत, शेवटी पायपुसणी, सांगलीला उन्हाळ्यात करायचो तसं. सुनेचं फुल ऑटोमॅटिक इथेच बाद झालं, कारण ते दर वेळी नवं पाणी घेतं आणि मला विचारत नाही.

पिळून निघालेले कपडे वाळवायची ॲरिझोनात चिंता नाही. ला पोसात घडीचा स्टँड बाहेर ठेवला की चहा होईस्तोवर झब्बा कडक. दोरी बांधायला बऱ्याच पार्कांत बंदी असते, स्टँडला सहसा कुणी बोलत नाही.

काल ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं. शॉवरमधल्या फेसापर्यंत गंभीर होते, मग हसले, आणि उठून टेप घेऊन शॉवर मोजायला गेले. २८ बाय ३४ इंच. म्हणजे सेमी ऑटोमॅटिक शॉवरमध्ये ठेवून धुता येईल, आणि एरवी पलंगाखाली नाही तर पिकअपच्या मागे.

आता एकच अडलंय. काही मॉडेलांना पाणी बाहेर टाकायला पंप आहे, काहींना नुसती नळी खाली सोडायची. पंपवालं महाग आहे. गरज आहे का?

प्रतिसाद १

शॉवरमध्येच ठेवणार असाल तर पंप नको. नळी भोकात सोडली की पाणी आपोआप उतरतं. किचनच्या सिंकमध्ये सोडायचं असतं तर पाणी वर चढवायला पंप लागला असता. एक कमी वस्तू बिघडायला.

दोन गोष्टी. नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा रबरबँडनं बांधा, धागे त्यात अडकतात, ग्रे टँकमध्ये जात नाहीत. आणि हूकअप नसताना इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्हचाच हवा, स्वस्तातल्यावर मोटर गुरगुरते आणि तापते. पिळायच्या टबात कपडे सगळीकडून सारखे दाबून भरा, नाहीतर मशीन चालत बाथरूमच्या दारापर्यंत येतं.

धागाकर्ती

ते चालत येणं सांगलीपासून ओळखीचं आहे. वर बसायचं असतं.

ऑर्डर करतेय, पंपाशिवायचं. हिचचं वजन शनिवारी करणार, आकडा इथेच टाकते.