दशावताराच्या रेकॉर्डिंगचे एमपीथ्री केल्यावर मूळ फायली पुसाव्यात का?

सुरंगी, कुडाळ

गेल्या दोन हंगामांत कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांमध्ये आम्ही चौघांनी दशावतारी नाटकांच्या ११ रात्री रेकॉर्ड केल्या. मंडळांना विचारून, मंडपाच्या दोन खांबांना दोन माइक बांधून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एक रात्र धरा पाच तासांची. वेव्ह, म्हणजे कच्ची फाईल, तासाला एक जीबीहून थोडी जास्त भरते, म्हणजे रात्रीला सव्वापाच जीबी. फ्लॅक केल्यावर त्याच तीन जीबीच्या आसपास आल्या, आणि आवाजातलं काहीही न गमावता.

आता वाडीतले लोक मागायला लागलेत. मागच्या रविवारी शेजारच्या काकांना फ्लॅकचा पेनड्राईव्ह नेऊन दिला. ओटीवरच्या स्पीकरला लावला, निळा दिवा लुकलुकला, आकडा शून्य. काकांनी पेनड्राईव्ह काढून शर्टाला पुसला, परत लावला. परत शून्य. त्या स्पीकरला फ्लॅक कळत नाही, आमच्या देवळातल्या अँप्लिफायरला कळत नाही, भावाच्या टेम्पोतल्या डेकलाही नाही. एमपीथ्री तिन्हींवर वाजतं. तेव्हा एमपीथ्री करायचेच, त्यावर वाद नाही.

वाद पुढचा आहे. आमच्यातले दोघे म्हणतात, ३२० चे (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट, हाच बिटरेट) एमपीथ्री करा आणि फ्लॅक पुसून टाका, कोण सांभाळत बसणार. माझा याला ठाम विरोध आहे. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं, सोंगं कोणाची, एवढं आधी ठरतं. बाकीचं रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतं. त्या रात्री शालू नेसलेल्या राणीने राजाला जे सुनावलं, ते दुसऱ्या जत्रेत तसंच्या तसं मिळणार नाही. एमपीथ्री करताना कानाला जाणवणार नाही असा अंदाज करून आवाजातला बराच भाग काढून टाकला जातो. तो गेला की गेला, एमपीथ्रीचं परत फ्लॅक करून काही तो येत नाही. एकदाच हाती लागलेली गोष्ट आपणच का झिजवायची? तुमचं मत सांगा.

टेम्पोतला श्रोता, सावंतवाडी

ताई, मी तुमच्या त्या दोघांच्या बाजूचा. ३२० आणि मूळ यातला फरक कानाला कळतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा चाचणी करून बघावी. मी केली. चांगले हेडफोन लावून, कुठलं कुठलं ते न बघता, १६ वेळा. ९ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

माझा मुद्दा मात्र कानाचा नाही. कोकणात वस्तू टिकते ती वाटल्यामुळे. माझ्या वडिलांनी भजनाच्या चाळीसेक कॅसेटी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या, कोणाला हात लावू देत नव्हते. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर रिळांवर पांढरी बुरशी. आज आमच्याकडे त्यातली एकच बारी आहे, ती शेजाऱ्यांनी कॉपी करून नेली होती म्हणून. आवाज खराब आहे, पण आहे. तुमचं फ्लॅक एका डिस्कवर, एका कपाटात राहणार. खारी हवा, वीज येते-जाते, डिस्क कधी बसेल सांगता येत नाही. तोच एमपीथ्री दोनशे घरांत गेला तर कुठे ना कुठे राहीलच. जीव लावायचा तर त्याला लावा.

झांजकरी, कणकवली

दादा, बुरशीचं खरं आहे. पण माझं ऐका. आमच्या भजनी मंडळाच्या डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याच्या) कॅसेटी आम्ही २००६ साली एका दुकानात देऊन संगणकावर घेतल्या. दुकानदाराने १२८ चे एमपीथ्री करून सीडीवर दिले आणि मधल्या वेव्ह फायली पुसल्या. आम्ही कॅसेटी टाकून दिल्या, आता काय करायच्यात म्हणून. मागच्या वर्षी बुवा गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो आवाज जरा साफ करून घ्यावा म्हणून बसलो.

मी झांज वाजवतो, म्हणून मला पहिली झांजच ऐकू आली. झांजेचा ठोका कसा असतो, आधी शांतता आणि मग एकदम खण्णकन. त्या फायलीत ठोक्याच्या आधीच बारीक सळसळ येते, जणू कोणी वाळू ओततंय. नंतरची आस विरत जात नाही, पाण्यासारखी बुडबुडते. गजर चढला की बुवांचा वरचा सूर त्या सळसळीत घुसमटतो. साफ करायला गेलो तर सळसळीबरोबर सूरही जातो. परत जायला मागे काहीच ठेवलं नव्हतं. सुरंगीताई, पुसू नका.

टेम्पोतला श्रोता, सावंतवाडी

वाईट वाटलं वाचून. पण ते १२८ होतं, दादा, आणि २००६ च्या दुकानातलं. ताई ३२० म्हणतायत. दोन्ही एका मापाने मोजू नका. आणि फ्लॅक तरी वीस वर्षांनी उघडेल याची खात्री कोण देणार? एमपीथ्री सगळीकडे वाजतो हे आज डोळ्यांसमोर आहे.

माइकधारी, देवगड

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण प्रश्न वेगळा मांडायला हवा.

झांजकरी म्हणतात ती सळसळ कुठून येते ते आधी सांगतो. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करतो, ४८ किलोहर्ट्झला साधारण २४ मिलिसेकंदांचे. जागा वाचवताना होणारी चूक त्या सगळ्या तुकड्यावर पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी पडला तर चूक त्याच्या आधीच्या शांततेत उघडी पडते. चांगला एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, अशा ठिकाणी तुकडे आणखी बारीक करतो, पण १२८ ला त्याच्या हातात बिटच कमी असतात. ३२० ला हे जवळपास नाहीसं होतं. तेव्हा नुसतं ऐकण्यापुरतं सावंतवाडीकर बरोबर आहेत, मलाही फरक ओळखता येत नाही.

पण या रेकॉर्डिंगवर अजून काम व्हायचं आहे. जनरेटरची घरघर काढायची आहे, रंगमंचाच्या मागच्या टोकाला बोलणाऱ्याचा आवाज वर आणायचा आहे. एमपीथ्री करताना जे काढून टाकलं जातं त्याची उणीव जाणवत नाही, ते मोठ्या आवाजाच्या आड झाकलेलं असतं म्हणून. तुम्ही मोठा आवाज खाली आणि बारीक आवाज वर केलात की झाकण उघडतं. शिवाय दुरुस्त करून परत एमपीथ्री केला की नुकसान पुन्हा एकदा होतं. कापाकापी, साफसफाई कायम फ्लॅकवर करायची आणि वाटायचा एमपीथ्री दर वेळी त्यातूनच ताजा काढायचा.

जागेचं म्हणाल तर ११ रात्री गुणिले तीन जीबी, म्हणजे ३३ जीबी. ६४ जीबीच्या पेनड्राईव्हवर मावतात आणि वर जागा उरते.

आणि फ्लॅक वीस वर्षांनी उघडेल का? फ्लॅकची पहिली आवृत्ती २००१ ची, म्हणजे वीस वर्षं तर होऊनही गेली. सुरुवातीपासून मुक्त आहे, कोणाच्या पेटंटात अडकलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ (इंटरनेटच्या तांत्रिक मानकांच्या मालिकेतला दस्तऐवज) म्हणून त्याचा आराखडा सगळ्यांसाठी छापला गेला. उलट एमपीथ्रीच २०१७ पर्यंत परवान्यांच्या कचाट्यात होता.

वेंगुर्ल्याचो आजो

माका ह्यातला फारसा कळणा नाय, पण एक सांगतंय. माझ्या मोबाईलात जागा नाय. ३२० करून एक रात्र किती एमबी होतली? माका शब्द ऐकूक येवक होये आणि पायपेटी. बारीक फाईल करून दिया.

माइकधारी, देवगड

आजोबा, ३२० ला पाच तासांचे ७२० एमबी होतात. तुमच्यासाठी ९६ चा मोनो काढला तर २१६ एमबीत काम होतं आणि शब्द स्वच्छ येतात. सुरंगीताई, मोनो करताना दोन्ही माइक एकमेकांत मिसळू नका. ते लांब लांब बांधलेले आहेत, मिसळले की आवाज पोकळ येतो. पायपेटी आणि पखवाज ज्या बाजूला बसतात त्या खांबाची एकच बाजू घ्या.

चाकरमानी, डोंबिवली

मला हा एमपीथ्रीचा आग्रहच समजत नाही. अँड्रॉइडवर फ्लॅक ३.१ पासून वाजतो, आयफोनवर आयओएस ११ पासून. विंडोज १० लाही चालतो. सरळ फ्लॅकच वाटा, आणि दोनशे घरांत जायचं तर मूळच जाऊ दे. गणपतीला गावी आलो की मी माझ्या लॅपटॉपवरून पाहिजे त्याला कॉपी करून देईन.

सुरंगी, कुडाळ

दादा, तुमच्या फोनवर वाजेल. ओटीवरच्या स्पीकरचं मी वर सांगितलंच आहे, आणि आमच्याकडे ऐकणं चालतं ते तिथे, चार माणसं बसून, आंबे पिकायला लावताना नाहीतर जाळं विणताना. त्यांना फोन बदला म्हणून सांगायला मी जाणार नाही. पण मूळ फायलींची एक प्रत डोंबिवलीला ठेवाल, तर ती मला हवीच आहे.

टेम्पोतला श्रोता, सावंतवाडी

३३ जीबीचा हिशेब मी केला नव्हता. जागेसाठी पुसा हे माझं म्हणणं मागे घेतो. पण कपाटाचं घेत नाही. फ्लॅक ठेवायचे तर कोण, कुठे, आणि दर वर्षी उघडून बघणार कोण, हे नावानिशी ठरवा. माझ्या वडिलांनीही ठेवल्याच होत्या.

आणि वाटताना एक करा. पाच तासांची एकच फाईल देऊ नका, गाडी बंद केली की डेक पुन्हा गणपतीच्या प्रवेशापासून सुरू होतो. वीस-वीस मिनिटांचे भाग पाडा. बिटरेट स्थिर ठेवा, बदलत्या बिटरेटला जुने डेक वेळ चुकीची दाखवतात. पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. भाग क्रमाने कॉपी करा, बरेच डेक नाव न बघता कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात.

सुरंगी, कुडाळ

हे सगळं लिहून घेतलं. काल रात्री चौघं बसलो. फ्लॅकच्या तीन प्रती: एक माझ्याकडे, एक देवगडला, एक डोंबिवलीला. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाची खूण साठवलेली असते, तिच्याशी ताडून फाईल शाबूत आहे की नाही ते संगणक सांगतो, अकराही रात्रींना मिळून फार वेळ लागत नाही. दर वर्षी तुळशीचं लग्न झालं की, नव्या हंगामाची पहिली जत्रा लागायच्या आत, मी हे तपासणार. देवगड आणि डोंबिवलीच्या प्रतींचं त्यांनी त्यांनी बघायचं, आणि झाल्यावर इथे लिहायचं.

वाटायला १९२ चे स्टिरिओ भाग करते, आजोबांसाठी ९६ चा मोनो. आमच्यातला एक जण अजून ३२० वर अडून आहे, तेव्हा त्याच्यासाठी एक रात्र ३२० मध्ये काढून काकांच्या ओटीवर दोन्ही लावून बघणार आहोत. झांजकरी दादा, तुम्ही कणकवलीहून आलात तर बरं होईल. झांज तुम्हालाच कळेल.