मदत हवी आहे: दिवाडी बेटावर (गोवा) बांधावरून गोल फेरी होते का?

घाईत_निवांत
दिवाडीवर अर्धा दिवस चालायचं आहे. जुने गोवे धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे, मग पियेदाद, गोलती, नावेली आणि रायबंदरच्या फेरीने परत, असा बेत. नकाशात नावेलीच्या पुढे नदीला लागून एक बारीक रेघ दिसते, ती बांधाची असावी. त्यावरून रायबंदरच्या धक्क्याला निघता येतं का? हो की नाही एवढंच सांगा, आज गाडी बुक करायची आहे. 'शांत, सुंदर बेट' वगैरे सगळीकडे वाचून झालंय. सोपी वाट हवी, पण अख्खा वेळ डांबरी नको.

मांडवीकाठ
हो की नाही असं सांगता येत नाही. कुठला महिना? सोबत कोण? सुरुवात किती वाजता? आणि गाडी नक्की कशासाठी, बेटावर फिरायला की धक्क्यापर्यंत?

चालतापाय
+१. 'सोपी' म्हणजे काय तेही लिहा. रस्त्याने गेलात तर पियेदादच्या टेकडीचा चढ सोडून सगळं सपाट, साधारण ७-८ किमी. बांधावरून तेवढंच अंतर दीडपट वेळ खातं.

सायकलवेडा_पुणे
दिवाडी पायी करू नका. सायकल घ्या. फेरीत सायकल चढते, बेटावर रहदारी कमी, दोन तासांत माळार आणि नार्वेचा धक्काही होईल. टायर रुंद घ्या, हवा थोडी कमी ठेवा.

घाईत_निवांत
सायकल नकोय. पायीच. महिना नोव्हेंबर, आम्ही पाच जण. सकाळी निघू.

मांडवीकाठ
पाच जणांत लहान मुलं, वयस्कर कोणी? नोव्हेंबरात तिथी कोणती? बांधावर जायचं तर तारखेपेक्षा तिथी महत्त्वाची.

कारण सांगतो. ती शेतं म्हणजे खाजन. भरतीच्या पाण्यापेक्षा जमीन खाली आहे, बांध आहे म्हणून ती कोरडी राहते. बांध चिकणमातीचा, नदीच्या बाजूने कुठे चिऱ्यांची बांधणी, कुठे नुसती कांदळवनाची मुळं. ओहोटीला बांधाच्या दोन्ही अंगांना चिखल दिसतो, वरची माती टणक असते. उधाणाच्या भरतीला पाणी माथ्याच्या खाली वीतभर येतं. माती आतून ओली होते, कुर्ल्यांनी केलेल्या बिळांतून पाणी झिरपतं आणि तेवढाच भाग साबणासारखा निसरडा होतो. एकाच जागी सकाळी सातला चप्पल घालूनही चालाल, अकराला बुटांसकट घसराल.

खारेपाटकर
एवढा खटाटोप कशाला? खारपट्टीच बघायची तर पोयनाडला उतरा, शहापूर-धेरंडकडे जा (अलिबाग तालुका). मुंबईहून एका दिवसात जाऊन येता. समुद्रबांध, उघाडी, गावागावात घरामागे जिताड्याची (माशाची) तळी. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी. मडक्यात खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, मध्ये शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गवऱ्या. पाणी थेंबभरही घालायचं नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच शिजतं. पाला कमी पडला की तळ करपतो.

घाईत_निवांत
दादा, आम्ही मडगावात असणार आहोत. पोयनाड कुठून आणू? 😑
आई-बाबा आहेत (बाबांचा गुडघा दुखतो), मुलगी ९ वर्षांची. तिथी म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.

चालतापाय
गुडघा आणि ९ वर्षांची मुलगी हे पहिल्या पोस्टीत हवं होतं.

मांडवीकाठ
आता चित्र बदललं. त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे पूर्ण उधाण. तिथीला पाऊणपट करा: पौर्णिमेला १५ × पाऊण = सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास भरती पूर्ण. म्हणजे पहाटे सहाच्या आसपास सुकती (पूर्ण ओहोटी), आणि तुम्ही चालत असाल तेवढा सगळा वेळ पाणी चढत असणार. जुने गोवे - पियेदाद - नावेली या क्रमाने गेलात तर बांधावर पोचाल बरोबर साडेदहा-अकराला, सगळ्यात वाईट वेळी.

फेरी उलटी करा. सकाळी लवकर रायबंदरहून दिवाडीची फेरी घ्या, उतरल्या उतरल्या बांध करा, मग नावेली, गोलती, पियेदाद, आणि शेवटी जुने गोवे. बांध खणखणीत मिळेल, ऊन चढेल तेव्हा झाडीच्या गावात असाल.

दर्यावर्दी_७
पाऊणपटीचं गणित मुखाशी ठीक. नदीत आत भरती उशिरा पोचते. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि वर थोडा वेळ धरा. तिथीच्या हिशेबावर माणसं घेऊन जाऊ नये.

मांडवीकाठ
इथे गलबत हाकायचं नाहीये, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक चालतो. सात वाजता बांधावर असणारा माणूस दोन्ही हिशेबांनी सुरक्षित आहे.

दर्यावर्दी_७
चालतो, तोवर चालतो. कोष्टकात पाण्याची उंचीही कळते, तिथीत नाही. नदीत अजून पावसाचं पाणी उतरत असेल तर उंची त्याहून जास्त.

सायकलवेडा_पुणे
उलटी फेरी केली तर शेवटचा पियेदाद ते जुने गोवे धक्का हा खाजनातला सरळ रस्ता भर दुपारी येतो. साधारण दोन किमी, सावली नाही. सायकलवर आठ मिनिटं. असो.

पोदेर_आयलो
सावलीचा मुद्दा बरोबर आहे. तिथेच गाडी वापरा. आई-बाबांना पियेदादला थांबवा, चालकाला सांगा गाडी जुने गोव्याच्या फेरीत घालून पियेदादला आण. फेरीत चारचाकी चढते, तिला पैसे पडतात. पायी माणसाला तिकीट नाही. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग असते, म्हणून चालकाला तासभर आधी निघायला सांगा. चालणाऱ्यांना रांग नाही, सरळ बोटीत.

रायबंदरला दोन फेरीबोटी आहेत, एक चोडणला आणि एक दिवाडीला. चोडणच्या बोटीत चढलात तर सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बेटावर पोचाल. तेही छान, पण तुमचा गोल तिथेच संपला. चढण्याआधी 'दिवाडी?' म्हणून विचारा.

घाईत_निवांत
हे कामाचं. पण मूळ प्रश्न तसाच. ती रेघ सलग आहे का?

मांडवीकाठ
नकाशातली रेघ बांध जिवंत होता तेव्हाची असते. मध्ये बांध फुटला असेल तर रेघ तशीच राहते, जमीन नसते. ओळखायचं असं:

उपग्रहाचं चित्र उघडा आणि बांधाच्या दोन्ही बाजूंचा रंग बघा. आत शेत, तण किंवा कोरडी माती आणि बाहेर पाणी असं असेल तर बांध धरून आहे. दोन्हीकडे एकाच रंगाचं पाणी, आत कांदळाची रोपं पसरलेली, म्हणजे कुठेतरी खिंडार आहे. फक्त एक फसगत होते: कापणीनंतर काही खाजनांत मुद्दाम खारं पाणी घेतात, मासळी-सुंगटांसाठी (कोळंबीसाठी). तिथे आत पाणी दिसतं, पण कडा सरळ, आखल्यासारख्या असतात. फुटलेल्या बांधाची कड कुरतडलेली असते, आणि आत नागमोडी ओहोळ पडलेले दिसतात.

एवढं करूनही धक्क्यावर उतरल्यावर कोणाला तरी विचाराच. 'बांध आसा मू, मदीं फुटूंक ना?' (बांध आहे ना, मध्ये फुटलेला नाही ना?) एवढं विचारलं की पुरे. फुटलेला असेल तर उडी मारून, चिखलातून वगैरे पलीकडे जाऊ नका. खिंडारात कडेचा गाळ कंबरेपर्यंत घेतो. गुपचूप मागे फिरून रस्ता धरा.

चालतापाय
आणि मानस लागली तर? बांधात पाणी सोडायचं दार असतं. दगडी खांब, मध्ये लाकडी झडपा. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडप आपोआप बंद, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडते. माणूस लागत नाही. वरून जायला कधी दगडी फरशी, कधी नुसती फळी. मुलीचा हात धरा, बाबांना काठी द्या, एकेकाने जा. सकाळी ओहोटी असताना दार उघडं असतं आणि पाणी जोराने बाहेर पडतं, खाली भोवरा दिसेल. पाय बुडवायला उतरू नका. तिथे लावलेल्या जाळ्याला आणि दाराच्या दोरीलाही हात नको. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, कोणीतरी पैसे भरलेले असतात.

पक्षी_दिसला_का
दुर्बीण घ्या. नोव्हेंबरात शेकाटे, तुतवार, बगळे, ब्राह्मणी घार, खंड्या. खाजनाच्या उथळ पाण्यात शेकाटे जवळून दिसतात, लाल लांब पाय. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा.

अवली_माणूस
मगरींचं कोणी बोलत नाही?? मांडवीत मगरी आहेत. लहान मूल घेऊन बांधावर?

दर्यावर्दी_७
मगरी कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या. त्याचं मांडवीकडचं तोंड जुने गोव्याच्या पूर्वेला. हे जाणार पश्चिमेच्या टोकाला. घाबरवू नका.

अवली_माणूस
मगर नकाशा बघून पोहते का? पाणी एकच आहे.

मांडवीकाठ
दोघांचंही बरोबर, म्हणून नियम सोपा: बांधाच्या माथ्यावर राहा, मानशीजवळच्या पोंयीच्या (खोल डोहाच्या) काठावर बसू नका, पाण्यात हातपाय धुऊ नका. मगर असो-नसो, घसरायला तेवढा काठ पुरतो.

फोंड्याची_शमा
मगरींवरून आठवलं. जुवारीकाठच्या आमच्या बाजूच्या गावांत, दुर्भाटकडे वगैरे, पौष अमावास्येला 'मानगे थापणी' करतात. ओल्या मातीची मगर थापून तिची पूजा, पाठीवर शिंपल्यांचे खवले. बांध राखावा म्हणून. नोव्हेंबरात दिसणार नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत त्या अमावास्येला कोणी येणार असेल तर.

आणि त्रिपुरीला आलाच आहात तर आदल्या रात्री साखळीला विठ्ठलापूरचा नौकोत्सव बघा. वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका.

चालतापाय
रात्री साखळीला जागरण आणि सकाळी सातला बांधावर ९ वर्षांची मुलगी. 😀

घाईत_निवांत
साखळी नाही. ठरलं ते लिहितो: रायबंदर सकाळी, बांध (विचारून), नावेली, गोलती, पियेदाद, गाडी. बूट कसले? पाणी किती? आणि पियेदादला बघायचं काय?

पोदेर_आयलो
बूट: खोल खाचांचे नको. खाजनाची चिकणमाती खाचांत भरते आणि दहा पावलांत प्रत्येक बूट अर्धा किलोचा होतो. सपाट पण पकड असलेला रबरी तळ, जुने कॅनव्हासचे चालतील. सुटी चप्पल नकोच, चिखलात राहते आणि पाय पुढे जातो.

पाणी: माणशी दीड लिटर, रायबंदरलाच भरून घ्या. बांधावर दुकान नाही, आडोसा नाही. शौचालयाचं काय ते आधी उरका. नाश्त्याला गावात पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला तर थांबवा, गरम पोळी (कोंड्याचा पाव) आणि उंडे (गोल पाव) मिळतील. उशीर केला तर तो निघून गेलेला असतो.

पियेदाद: टेकडीवरचं चर्च. तिथून खाली खाजनं आणि नदीपलीकडचं जुने गोवे दिसतं. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलचं कोरीव दगडी छत कदंबकालीन मंदिराचं आहे. बंद असेल तर चर्चमध्ये विचारा, रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी नको. बाबांना टेकडी चढवू नका, गाडी वरपर्यंत जाते.

खारेपाटकर
सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं हे सांगा की. पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. माळारच्या बाजूने नार्व्याची फेरी घेतली की पोचलात. हे सोडून चॅपेलचं छत काय बघताय?

पोदेर_आयलो
ते छतही त्याच कदंबांच्या काळचं आहे हो, ज्यांचं सप्तकोटेश्वर कुलदैवत. दोन्ही बघा. पण नार्वे याच चालण्यात बसवलं तर गुडघा बसेल. गाडी आहेच, ती माळारच्या बाजूने नार्व्याच्या फेरीत घाला आणि पुढे डिचोलीवरून बाहेर पडा. जुने गोव्याला परत यायची गरजच नाही.

सायकलवेडा_पुणे
मग तो 'गोल' कुठे राहिला?

मांडवीकाठ
गाडी रायबंदरला ठेवणार असतील तर गोल हवा. चालक सोबत असेल तर नको. घाईत_निवांत, चालक आहे की स्वतः चालवणार?

घाईत_निवांत
स्वतः.

मांडवीकाठ
मग पियेदादला गाडी आणणार कोण?

चालतापाय
😂

मांडवीकाठ
असं करा. गाडी रायबंदरला नको, जुने गोव्याला वाहनतळावर ठेवा. तिथून पणजीची बस पकडून रायबंदरला उतरा, सकाळपासून बस सारख्या असतात. मग उलटी फेरी, शेवटी जुने गोव्याच्या धक्क्याला उतरलात की व्हाइसरॉयच्या कमानीतून वर गाडीपाशी. गोल पुरा. आई-बाबांना पियेदादला सावलीत बसवून तुमच्यातला एक जण पुढे चालत जाईल, गाडी फेरीत घालून परत आणेल. त्यात तास-सव्वा तास धरा.

घाईत_निवांत
हे जमेल. सातची बस सापडेल का मडगावहून निघून?

दर्यावर्दी_७
मडगावहून जुने गोवे गाठायलाच तास जाईल. साडेपाचला निघा. नाहीतर आदल्या रात्री पणजीत राहा.

अवली_माणूस
आणि ओडोमॉस.